मास्क आधी आपल्या गालाला

माझी धाकटी बहीण स्वस्थ बसलेली मी कधी पाहिलेली नाही. जेवायला बसली तरी एक डोळा ताटात आणि एक शेगडीच्या बटणावर. आमच्याकडे आली की पर्स ठेवायच्या आधी ती स्वयंपाकघरात शिरणार, बटणं बघणार, बाथरूमची फरशी पायाने घासून बघणार, बाबांच्या गोळ्यांच्या डबीत नाक खुपसणार. माझी बायको म्हणायची, "नणंदबाई, तुम्ही पाहुण्या आलात की धाड घालायला?" त्यावर ती हसायची, आणि हसता हसता खिडकीची कडी ओढून बघायची.

ती रुग्णवाहिकांच्या केंद्रावर कामाला आहे. आधी बरीच वर्षं गाडीत मागे बसून पेशंट आणले. मग तिला 'गुणवत्ता आणि सुरक्षा' असं भारदस्त खातं मिळालं. म्हणजे काय, तर गाडी घेऊन गेलेल्यांचं कुठे चुकलं, का चुकलं आणि पुन्हा चुकू नये म्हणून काय करायचं, ते बघणं. मी म्हणायचो, "वा! दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायची, वर पगार घ्यायचा!" केंद्रावरची माणसं तिला 'टोचणी' म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर.

हे नाव ठेवलं लंबूने. लंबू म्हणजे गाडीत पेशंटजवळ बसणारा तिचा जुना जोडीदार, चाळिशीतला, ताडमाड उंच, आमच्या दारातून शिरताना दर वेळी वाकायचा आणि तरी कपाळ आपटायचा. सुट्टीच्या दिवशी तो बाबांशी पत्ते खेळायला यायचा. माझे बाबा शिलाई मशीन दुरुस्त करणारे. दुकान आता मी बघतो. पण पत्त्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोणतं पान कधी पडलं, सगळं डोक्यात. लंबू लबाडी करायचाच, आणि बाबा पकडायचेच. "चौकटची राणी मघाशीच गेली होती रे, ती एवढ्यात माहेराहून परत कशी आली?"

धाकटीने केंद्रावर एक पद्धत घालून दिली होती. एखाद्या खेपेला काही बिनसलं, की सगळ्यांनी रिकाम्या गाडीत मागे बसायचं आणि दार लावून घ्यायचं. कागद नाही, पेन नाही, साहेब नाही. जे झालं ते तोंडाने सांगायचं. तिचं वाक्य ठरलेलं, "चूक दाराबाहेर जाईल, नाव जाणार नाही." सुरुवातीला सगळे मिठाची गुळणी धरून बसायचे. कोण आपणहून सुळावर चढतो? पण ती मागेच लागली. हळूहळू बोलायला लागले. कोणी सांगितलं, औषधाच्या दोन बाटल्या सारख्याच दिसतात, माझ्या हातात चुकीची आली होती. मग त्या बाटल्यांचे कप्पे वेगळे झाले. असं चाललं होतं. मला या सगळ्याचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू. जोपर्यंत ते आमच्या घरात शिरलं नव्हतं तोपर्यंत होतं.

त्या दुपारी बाबांचा दम उसळला. फुफ्फुसं जुनी, अधूनमधून व्हायचंच. गाडी झटकन आली. एक बाई आणि एक ड्रायव्हर. आमचा तिसरा मजला, लिफ्ट बंद. त्यांनी खांद्याच्या बॅगेतला छोटा ऑक्सिजन सिलिंडर काढला, काटा बघितला, काटा भरलेला. मास्क लावला, बाबांना खुर्चीत बांधलं आणि जिना उतरायला लागले. आमचा जिना म्हणजे अरुंद बोळ. दोघांचं सगळं लक्ष पायरीकडे. मी मागून बाबांची पिशवी घेऊन. मास्क तोंडावर आहे म्हणजे हवा मिळतेय, असंच कोणीही धरेल ना? खाली गाडीत मोठ्या सिलिंडरची नळी जोडताना ती बाई एकदम ओरडली. बाबांचे ओठ निळे पडले होते.

बाबा वाचले. लोक म्हणाले, देव पावला. मी काय म्हणू? डावा हात लुळा पडला, आणि डोकं पहिल्यासारखं राहिलं नाही. घरी आल्यावर मी हौसेने पत्ते हातात दिले, तर त्यांनी ते उलटे धरले. चित्रं माझ्याकडे, पाठ त्यांच्याकडे. आणि माझ्याकडे बघून हसले. त्या दिवशी मी दुकानात जाऊन शटर खाली ओढलं आणि आत बसून रडलो.

झालं काय होतं, ते धाकटीनेच समजावलं. सिलिंडर तपासताना चावी उघडतात, काटा वर जातो, चावी पुन्हा बंद करतात. पण बंद केल्यावर नळीत अडकलेली हवा सोडून द्यायला हवी. ती सोडली नाही तर काटा खाली येतच नाही, भरलेलाच दाखवतो. पुढच्या माणसाला वाटतं, चावी उघडीच आहे. मास्क लावला की नळीतली ती हवा दोन-चार श्वास पुरते, मग नुसतं प्लास्टिक.

"आणि ती हवा सोडली नाही कोणी?" मी विचारलं.

तिने उठून बाबांच्या औषधांची डबी बंद केली. बंदच होती, तरी.

तशा सगळ्या छोट्या बॅगा केंद्राच्या भिंतीवर एका खिळ्याला टांगलेल्या असायच्या. ज्याला वेळ मिळेल तो तपासायचा, ज्याला लागेल तो उचलायचा. त्यामुळे शेवटचा हात कोणाचा, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. पण मला माझी बहीण कळते. मी म्हणालो, "तुला माहीत आहे. कोणीतरी तुझ्याकडे येऊन बोललंय."

"हो."

"नाव सांग."

"नाही सांगणार, दादा."

मी काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. बाप आहे तो तुझा, का केंद्रावरचा नग आहे? तुझी ती दारं लावून केलेली बडबड तुझ्याजवळ ठेव. बायको मध्ये पडली म्हणून थांबलो. धाकटी उभीच होती, दाराची कडी वर-खाली करत. जाताना एवढंच म्हणाली, "मला झोप लागत नाही, दादा. तुला वाटतं, मला लागते?"

मी सरळ तिच्या साहेबांकडे जाऊन तक्रार केली. साहेब गोड माणूस, इतका गोड की मुंग्या लागाव्यात. म्हणाले, "अगदी बरोबर आहे तुमचं. एक नाव मिळालं की आम्ही त्याला घरी पाठवतो आणि विषय संपवतो. पण तुमच्या बहिणीनेच तोंड शिवलंय. मी सांगितलंय, सोमवारी दुपारपर्यंत नाव द्या, नाहीतर जागा सोडा. तुम्ही मोठे भाऊ, जरा समजवा."

मी म्हणालो, समजावतो. खरंच म्हणालो.

शोधत शोधत गेलो तर ती आवारात एका रिकाम्या गाडीत मागे एकटीच बसलेली. दार उघडं. एक पाय सारखा हलत होता. बाकीची माणसं लांबून बघून दुसरीकडे वळत होती. आता त्या गाडीत कोणी बसायला येत नव्हतं. साहेबांची मुदत सगळ्यांना कळली होती.

"जागा जाईल तुझी," मी म्हणालो.

"जाईल."

"कोणासाठी? एका निष्काळजी माणसासाठी?"

"तो स्वतःहून आला, दादा. गप्प बसला असता तर सात जन्मांत कोणाला कळलं नसतं. त्याने सांगितलं म्हणून त्याच संध्याकाळी आम्ही केंद्रावरचे सगळे सिलिंडर उघडून बघितले. आणखी तीन तसेच निघाले. वेगवेगळ्या हातांचे. ते कोणाच्या घरी गेले असते?" तिचा पाय हलायचा थांबला. "आता मी नाव दिलं तर यापुढे मला कोण सांगायला येईल?"

"त्याची किंमत माझ्या बापाने मोजायची?"

"मोजून झाली रे. ती आता परत मिळत नाही. माझा पण बाप आहे तो."

 माझा राग आणखी चढला. गाडीच्या दारावर हात आपटून मी निघून आलो. तो हात रात्रभर ठणकत होता, आणि तरी माझं म्हणणं बदललं नव्हतं. नाव हवं होतं मला. ते मिळालं की त्याची कॉलर कशी धरायची, ते दुकानात मशीनला तेल घालताना मी रोज ठरवायचो.

सोमवारी सकाळीच बाबांचा दम पुन्हा उसळला. धाकटी आमच्याकडेच होती. तिने फोन केला, बाबांना उशा लावून बसतं केलं, दार सताड उघडून ठेवलं. जिन्यावर पावलं वाजली, आणि चौकटीला कपाळ आपटल्याचा आवाज आला.

लंबू. बाबांच्या त्या दिवसापासून तो आमच्याकडे फिरकलाच नव्हता. मला वाटलं होतं, पत्ते संपले, येणं संपलं. माणसं अशीच.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. गुडघ्यावर बसला, सिलिंडरची चावी उघडली, काटा बघितला. मग मास्क आधी स्वतःच्या गालाला लावला. डोळे मिटून वारा लागतोय का ते बघितलं. मग बाबांना लावला. हा नवा नियम धाकटीनेच घातला होता: काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, मास्क आधी आपल्या गालाला. तेवढ्यावर थांबायचं. पण लंबू थांबला नाही. त्याने मास्कखाली पालथा हात धरून पुन्हा वारा बघितला. चावी उघडीच आहे का ते पुन्हा बघितलं. 

बाबांनी डोळे उघडले. माणसं ओळखायला त्यांना हल्ली वेळ लागतो. पण मास्कच्या आतून म्हणाले, "लंब्या, लेका, होतास कुठे? पत्ते आणलेस?"

लंबूचं तोंड असं झालं, की मी बघायला नको होतं.

खुर्ची उचलायची होती. ड्रायव्हरकडे बॅग, त्यामुळे डोक्याकडून मी, पायांकडून लंबू, उलटा उतरणारा. म्हणजे सगळा जिनाभर त्याचं तोंड माझ्यासमोर. पहिल्या वळणावर त्याने खुर्ची टेकवली, मास्क किंचित उचलून हाताला वारा घेतला. दुसऱ्या वळणावर पुन्हा. आणि तिथे तो उठेचना. वर बघून म्हणाला, "दादा, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशीची ती बॅग..."

"गप्प बस!"

इतक्या जोरात ओरडलो की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. मागून धाकटीची पावलं थांबली.  कॉलर हाताच्या अंतरावर होती. आणि मला लख्ख कळत होतं, की याने आणखी एक शब्द उच्चारला तर मला माहीत होईल. माहीत झालं की मी दुपारी साहेबांना सांगणारच. मी काही संत नाही. आणि माझे दोन्ही हात बाबांच्या खुर्चीला गुंतलेले होते.

"एक शब्द बोलू नकोस," मी म्हणालो. "पायरी बघ. उचल."

त्याने नाक ओढलं आणि उचललं. खाली पोचलो तेव्हा बाबांचे ओठ लाल होते. मी वाकून बघितले. दोनदा बघितले.

दुपारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात साहेबांचा फोन आला, मला. धाकटी शेजारी, अर्थातच उभी.

"काय मग, समजावलंत का? कोण होतं कळलं?"

"नाही. मला कोणी काही सांगितलेलं नाही."

"मग तक्रार मागे घेताय म्हणायचं."

"मागे कशाला घेऊ? माझा बाप पत्ते उलटे धरतो, साहेब! तक्रार आहे. कोणीही यावं, कोणीही उचलावं अशी बॅग खिळ्याला टांगता, त्याची तक्रार आहे. तो खिळा तुमच्या भिंतीत आहे. आणि नावासाठी माझ्या बहिणीची जागा काढलीत, तर तीही तक्रार त्यात घालीन, आणि रोज सकाळी तुमच्या दारात येऊन बसेन. माझं दुकान आहे, मला रजा मागावी लागत नाही."

साहेबांचा गोडवा आटला. बघू म्हणाले. ते अजून बघतायत. धाकटी अजून त्याच खुर्चीवर आहे, म्हणजे खुर्ची तिची आहे, ती बसत नाही. खिळा मात्र निघाला. आता प्रत्येक गाडीची बॅग तिच्या स्वतःच्या कप्प्यात असते.

फोन ठेवल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. "दादा, तुला..."

"मला काही माहीत नाही," मी म्हणालो. "तूही गप्प बस."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. उभ्या उभ्याच.

लंबू आता पुन्हा येतो. दर सुट्टीला, कपाळ आपटून. बाबांचे पत्ते सुलटे करून हातात देतो, आणि बाबांना हुकूम कोणता ते दर डावाला नव्याने सांगतो. लबाडी करत नाही. मी त्याच्या हातांकडे बघतो आणि कधी कधी अजूनही माझ्या मुठी वळतात. मग मी उठून चहा टाकतो. सगळ्यांच्या कपात साखर घालतो, त्याच्या कपात घालत नाही. त्याला गोड चहा लागतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तो साखर न मागता कप रिकामा करतो.