सहा वेळा सर

कापसाच्या संकटाच्या वर्षांत यवतमाळला माणसांची मनं तपासायला बरेच लोक आले. ते गाडीतून उतरायचे, प्रश्नावल्या भरून घ्यायचे आणि अंधार पडायच्या आत नागपूरला परतायचे. मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातमीदार होतो. माझी थोरली बहीण इथल्याच एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. ती प्रश्नावल्या घेऊन एसटीनं जायची आणि गावात मुक्काम करायची.

एका वर्षी कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांच्या मानसिक ताणावर मोठा अभ्यास मंजूर झाला. तो कोणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी विद्यापीठानं मानसशास्त्राच्या संशोधकांची क्रमवारी लावली. निकष एकच, सायटेशन. म्हणजे तुमच्या लिखाणाचा संदर्भ इतरांनी आपल्या लेखांत किती वेळा दिला. पहिल्या दोघांना अभ्यास मिळणार होता. ताई तिसरी आली.

पहिले नागपूरचे एक प्राध्यापक होते. त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. दुसरे ताईचे सर. ते निवृत्त होऊन बोरी अरबला राहायला गेले, त्यालाही बारा वर्षं झाली होती. त्यांच्या नावावर एकच पुस्तिका होती. विषय, मॅट्रिकच्या मुलांना वाटणारी परीक्षेची भीती.

यादी बातमीसाठी माझ्याच टेबलावर आली. मी ती घरी नेली आणि ताईचे सगळे लेख काढून मोजणी केली. सर ताईच्या चारनं पुढे होते. त्यांना मिळालेल्या संदर्भांपैकी सहा ताईनंच दिलेले होते.

"तूच त्यायले वर चढवलं," मी म्हणालो.

"मग? गुरू आहेत ते माह्ये."

"पण कापूस वेचणाऱ्या बायांच्या लेखात मॅट्रिकची भीती कायले?"

"लग्नपत्रिकेत मोठ्या काकाचं नाव कायले टाकतो आपण? ते काय मांडव घालून राह्यले असतात?"

आमच्या घरच्या शेवटच्या पत्रिकेत नवरा-नवरीची नावं शोधावी लागत होती. तरी एका मावसोबांचं नाव राहिलंच. ते लग्नाला आले, पण जेवले नाहीत. ताईच्या विभागात लेखाच्या शेवटची संदर्भसूची याच धोरणानं तयार होत असे. सरांचा संदर्भ देणाऱ्या तिघांना मी विचारलं, पुस्तिकेत काय आहे? दोघं म्हणाले, मूलभूत आहे. तिसऱ्यानं चहा मागवला.

रविवारी आम्ही बोरी अरबला गेलो. मला सरांची प्रतिक्रिया हवी होती. ताईनं पेढे घेतले होते.

"सर, अभिनंदन. तुमचा दुसरा नंबर आला," मी म्हणालो.

"कशात?"

ते समजावून सांगायला वेळ लागला. मग सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे लोक अजून वाचून राह्यले ते?"

ताईनं पेढ्यांचा पुडा पुढे केला.

"एखादी प्रत दे बरं मले," सर तिला म्हणाले. "माह्याजवळची वाळवीनं खाल्ली."

ताईजवळ प्रत नव्हती. पुस्तिकेचं नाव तिनं दुसऱ्या कोणाच्या तरी लेखाच्या शेवटून उतरवून घेतलं होतं. ती जमिनीकडे पाहू लागली.

"पोरी, न वाचताच टाकलं काय?"

"हो, सर."

"साही वेळा?"

"हो."

सर इतके हसले की काकू आतून धावत आल्या. "जिंदगीभर पोरायले सांगतलं, कॉपी करू नका," सर त्यांना म्हणाले, "आता पाहा, कॉपीनंच माह्या नंबर आला!"

आम्ही निघताना त्यांनी मी सोबत आणलेले ताईचे सहाही लेख ठेवून घेतले. पंधरा दिवसांनी ते टपालानं परत आले, पानोपान लाल पेन्सिल फिरलेली. एका लेखाच्या समासात लिहिलं होतं : 'थकवा वाटतो का, हे तू ऐन वेचणीत विचारलं. तेव्हा नाही कोण म्हणेल? उन्हाळ्यात परत जा.' सोबत विद्यापीठाला पाठवलेल्या पत्राची नक्कल होती. परीक्षेच्या भीतीपलीकडे आपल्याला काही ठाऊक नाही, सबब हे काम यादीतल्या पुढच्या नावाला द्यावं, एवढाच मजकूर.

अभ्यास ताईला मिळाला. उन्हाळ्यात ती पांढरकवड्याकडच्या त्याच गावांत त्याच बायांकडे गेली. उत्तरं पुष्कळच बदलली. तिच्या अहवालाच्या संदर्भसूचीत या वेळी पुस्तिका नव्हती. पण ऐन वेचणीत प्रश्न विचारण्याची चूक सरांनी दाखवून दिली, असं तळटिपेत स्पष्ट लिहिलं होतं. हे सरांच्या खात्यात धरणार का, असं मी विद्यापीठाच्या लिपिकाला विचारलं.

"तळटीप मोजत नाही," तो म्हणाला.

ताईनं अहवाल सरांना नेऊन दिला. त्यांनी आधी शेवटचं पान उघडलं.

"या खेपेले मले नाही टाकलं?"

"नाही, सर. या खेपेले पुस्तिका वाचली. कॉलेजच्या कपाटात एक प्रत सापडली."

"मग? कशी आहे?"



"मॅट्रिकच्या पोरायसाठी बरी आहे, सर."