सिस्टरांचा कुकर

सिस्टर दिवसातून दोनदाच काडी ओढायच्या. एकदा सकाळी ड्युटीला जाण्यापूर्वी आणि एकदा संध्याकाळी परत आल्यावर. त्याआधी डाळ-तांदूळ धुऊन भिजलेले असत, भाजी चिरलेली असे, कणीक ओल्या फडक्याखाली झाकलेली असे आणि चहाचं पाणी कपानं मोजून घेतलेलं असे. ओट्यावर सगळं ओळीनं मांडून झालं की त्या पदर खोचायच्या, एकदा नजर फिरवायच्या आणि म्हणायच्या, "आधी तयारी, मग काडी." एक भांडं उतरलं की त्याच ज्योतीवर दुसरं चढायचं. नुसताच गॅस जळतोय आणि सिस्टर डब्यात मोहरी शोधताहेत, असं मी कधी पाहिलं नाही.

मी लग्न होऊन भिवंडीला आले तेव्हा एकवीस वर्षांची होते. मालकांच्या घरामागे सहा खोल्यांची बैठी चाळ आणि तिच्या पाठीला लागून मालकांचाच लूमचा कारखाना. दिवसरात्र खडखडाट. वीज गेली की लूम थांबायचे आणि त्या शांततेनंच माणसं दचकायची. माझे यजमान त्या कारखान्यात मेहता होते, म्हणजे कामगारांची हजेरी आणि निघालेल्या कापडाची नोंद ठेवायचे. आमची खोली मालकांची आणि नोकरीही मालकांची.

आमच्या शेजारच्या खोलीत सिस्टर राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स. तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. एकट्याच असत. लग्न झालं होतं की नव्हतं, हे चाळीत कुणाला नक्की ठाऊक नव्हतं आणि विचारण्याची कुणाची छाती नव्हती. लूमवर बोट कापलेला कामगार पळत आला की त्या दारातच त्याला थांबवायच्या, "पहले हाथ धो," आणि तो धुऊन येईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. खोलीत भिंतीवर बुद्धाचा फोटो, कोपऱ्यात लोखंडी खाट आणि ओट्याखाली गॅसचं सिलिंडर. चाळीत गॅस फक्त त्यांच्याकडे. आम्ही नाव नोंदवलं होतं, पण नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची.

मालकीणबाई आम्हा सगळ्यांकडून भाडं हातात घ्यायच्या. सिस्टरांना मात्र उंबऱ्यावर ठेवायला सांगायच्या. सिस्टर ठेवायच्या. मग तिथंच उभ्या राहून, मालकीणबाई ते उचलेपर्यंत बघत राहायच्या. त्यांना उचलताना वाकावं लागे. सिस्टर मुद्दाम असं करायच्या की पैसे हरवू नयेत म्हणून, हे मला कधी कळलं नाही.

विजेचा मीटर चाळीला एकच होता, तोही मालकांच्या नावावर. बिल आलं की खोलीत दिवे किती त्यावर वाटणी व्हायची. एका वर्षी मालकीणबाईंनी येऊन सांगितलं की युनिटचा दर वाढला, आता प्रत्येक दिव्यामागे दुप्पट. आम्ही कुरकुरत कबूल झालो. सिस्टर म्हणाल्या, "बिल दाखवा." बिल मालकांकडे आहे, असं उत्तर आलं. त्यावर त्या म्हणाल्या की हरकत नाही, मालक दाखवतील तेव्हा देईन. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीची वायर काढली गेली. सिस्टर अकरा दिवस कंदिलावर राहिल्या. कुणाकडे तक्रार केली नाही की तोंड पाडलं नाही. बाराव्या दिवशी मालक स्वतः बिल घेऊन आले. सिस्टरांनी ते पुढून वाचलं, उलटं करून मागून वाचलं आणि कारखान्याच्या ऑफिसातले दोन पंखे चाळीच्या मीटरवर चालतात हे शांतपणे दाखवून दिलं. वाटणी बदलली. मालकीणबाईंनी ते मनात ठेवलं.

माझी आणि सिस्टरांची खरी ओळख झाली ती स्टोव्हमुळे. एका सकाळी पंप मारताना भडका उडाला आणि माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. बायका जमल्या. कुणी म्हणालं शाई लावा, कुणी म्हणालं पीठ लावा. सिस्टरांनी माझा हात नळाखाली धरला आणि मी रडत असतानाही घट्ट धरून ठेवला. "शाई लिहायला असते," एवढंच त्या बोलल्या. मग पट्टी बांधून झाल्यावर माझ्या घरातला डाळीचा आणि तांदळाचा डबा शोधून काढला आणि म्हणाल्या, "हात बरा होईपर्यंत तुझा भात माझ्या कुकरमध्ये. भांडी तेवढी तुझी आण."

त्यांचा कुकर मोठा होता, दहा-बारा माणसांचा. खाली त्यांची डाळ, त्यावर त्यांचा भात, त्यावर माझे दोन डबे. हात तीन आठवड्यांत बरा झाला, पण डबे तिथंच राहिले. रॉकेल मिळेना, गॅस महाग होत चालला, तेव्हा मी सिलिंडरचे निम्मे पैसे देऊ लागले आणि एका ज्योतीवर दोन घरं जेवू लागली. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी त्यांच्या खाटेवर बसायची. त्या पोळ्या लाटता लाटता दवाखान्यातलं सांगायच्या. कुणाला जुळं झालं, कुठला नवरा बायकोचं बाळंतपण बघून चक्कर येऊन पडला. माहेर दूर, सासू गावाला, यजमान दिवसभर कारखान्यात. माझ्याशी कुणी सलग वीस मिनिटं बोलायचं ते फक्त तिथं.

त्या दिवसांत गॅस नुसता महाग नव्हता, नंबर लावूनही वेळेवर येत नव्हता. एका श्रावणात मालकीणबाईंचं सिलिंडर संपलं आणि दुसरं येईना. त्यातच मालकांना कावीळ झाली. डॉक्टरांनी तेल-तूप बंद करून मऊ भात आणि वरणाचं पाणी सांगितलं. घरात ओटा बांधताना चूल कधीच फोडून टाकली होती. मागच्या पडवीत तीन विटा मांडून बघितल्या, पण लाकडं ओली होती आणि धुरानं मालकांना ओकाऱ्या येऊ लागल्या. राहनाळहून मालकांच्या थोरल्या भावाच्या घरून डबा यायचा, पण येईपर्यंत गार व्हायचा आणि त्यावर तेलाचा तवंग असायचा. मालक तोंडाला लावत नव्हते. तिसऱ्या दिवशी मालकीणबाई आमच्या ओळीत आल्या आणि सिस्टरांच्या दारासमोर उभ्या राहिल्या. मी आत खाटेवर होते.

"शिष्टर, तुमची टाकी आठ दिस द्या. आमची आली की लगेच परत देऊ. ह्यांच्या पोटात काय न्हाय तीन दिस."

सिस्टरांनी आधी मालकांची विचारपूस केली. लघवीचा रंग कसा, झोप लागते का, पाणी किती पितात. मग म्हणाल्या, "सिलिंडर देता येणार नाही, त्यावर दोन घरं जेवतात. तुम्ही तांदूळ धुऊन डबा आणा. कुकरमध्ये जागा आहे."

मालकीणबाईंनी आत कुकरकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "खाली कुनाचा डबा असतो?"

"माझा. चालत नसेल तर आणू नका, मी वाईट वाटून घेणार नाही. पण झाकण एकच आहे, वहिनी."

त्या निघून गेल्या. अर्ध्या तासानं झाकणाला फडकं बांधलेला पितळी डबा घेऊन आल्या. उंबऱ्याबाहेर थांबून त्यांनी तो पुढे केला आणि सिस्टरांनी तो त्यांच्या हातातून घेतला. त्या चाळीत त्या दोघींचे हात एका वस्तूला एकाच वेळी लागलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

सोळा दिवस तो डबा येत होता. मालकांचा भात मऊ व्हावा म्हणून सिस्टर दोन शिट्ट्या जास्त काढायच्या. आमचा भात लगदा व्हायचा, तो आम्ही तसाच खायचो. ड्युटीवरून आल्यावर त्या मालकांचे डोळे बघायला जायच्या, ओसरीवरूनच. सतराव्या दिवशी मालकीणबाईंचं सिलिंडर आलं. मालक हळूहळू उठून बसू लागले.

मग थोरल्या जाऊबाई दिराला बघायला राहनाळहून आल्या. त्यांचा शब्द त्या घरात शेवटचा असे. चाळीच्या नळावर बायका होत्या, मीही होते. सिस्टर आपल्या दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. जाऊबाईंनी विचारलं, "टाकी नव्हती तवा जेवान कुठं शिजवलंस गं?"

मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. "ह्या शैलाच्या घरी. न्हाय गं शैला?"

नळावरच्या प्रत्येकीला ठाऊक होतं की माझ्याकडे गॅस नाही. मला आठवली ती आमची खोली आणि यजमानांची नोकरी. मी म्हटलं, "हो."

सिस्टरांचा हात सुपात थांबला नाही. त्यांनी खडे वेचले, तांदूळ डब्यात ओतले आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी डबे घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी डबे घेतले आणि शिजल्यावर रोजच्यासारखे फडक्यात धरून परत दिले. फक्त दारातूनच घेतले आणि दारातूनच दिले. चार दिवसांनी विचारलं, "तुझा गॅसचा नंबर कधी लागणार?" मी म्हटलं, माहीत नाही. "लागेपर्यंत ठेवत जा," त्या म्हणाल्या. तेवढंच. मी माफी मागायचे शब्द रोज जुळवायची आणि डबा हातात आला की घरी यायची. असं वर्षभर चाललं. वर्षभर त्यांनी माझा भात एकदाही कच्चा ठेवला नाही आणि एकदाही मला आत बस म्हटलं नाही.

मग काल्हेरला नव्या इमारती उभ्या राहत होत्या, तिथं त्यांनी जागा घेतली. टेम्पोत खाट चढली, सिलिंडर चढलं, कुकरही चढला. क्षणभर मला वाटलं होतं की कुकर माझ्यासाठी ठेवतील. असं वाटण्याचा मला काही हक्क नव्हता. त्या मला म्हणाल्या, "हाताचा डाग उन्हात झाकत जा," आणि ड्रायव्हरशेजारी बसल्या.

दोन-अडीच महिन्यांनी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, मालकांच्या घरात. आदल्या वर्षी न आलेल्या थोरल्या जाऊबाई या वेळी आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांदेखत माझी वेगळी ओटी भरायला घेतली. म्हणाल्या, तुझ्यामुळं माझा दीर जगला. खण माझ्यासमोर धरला होता. मला पदर पुढे करता येईना.

"मी नाही केलं," मी म्हटलं. "माझ्याकडे तेव्हा गॅसच नव्हता. त्यांचं जेवण सोळा दिवस सिस्टरांच्या कुकरमध्ये, त्यांच्या डब्यावर शिजत होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

मालकीणबाई म्हणाल्या की शैलाचा काहीतरी गोंधळ होतोय. जाऊबाईंनी खण परत ताटात ठेवला. मी रिकाम्या ओटीनं घरी आले आणि यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या होत्या तेव्हा बोलायचं होतंस. आता बोलून कुणाला काय मिळालं?" मार्चमध्ये मेहत्याचं काम मालकांच्या भाच्याकडे गेलं आणि मे महिन्यात आम्ही खोली सोडली. यजमानांना राहनाळला एका गोडाऊनमध्ये नोकरी मिळाली, पगार आधीपेक्षा कमी.

पुढं पाच-सहा वर्षांनी माझ्या धाकट्या मुलीला ताप भरला म्हणून मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. टेबलाशी सिस्टर होत्या. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे आणि मग चेहऱ्याकडे. मी काही विचार न करता एका दमात हळदीकुंकवाची हकीकत सांगून टाकली.

"हे कधी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही गेल्यावर. दोन-अडीच महिन्यांनी."

"म्हणजे मी नसताना."

"हो."

त्यांनी थर्मामीटर झटकला, मुलीच्या काखेत ठेवला आणि घड्याळ बघू लागल्या. "आता दोन मिनिटं बोलू नकोस," म्हणाल्या. ती दोन मिनिटं मी उभी होते. मग त्यांनी ताप वाचून केसपेपरवर लिहिला, ओली पट्टी कशी ठेवायची ते दाखवलं, गोळी अर्धी करून पुडीत बांधली. पुडी देताना विचारलं, "मालकांची कावीळ उलटली नाही ना?"

मी म्हटलं, माहीत नाही, आम्ही ती चाळ सोडली.

"कधी?"

"त्याच वर्षी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. का सोडली, हे त्यांनी विचारलं नाही. "तुझ्या मिस्टरांना काम आहे ना?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, आहे, राहनाळला.

"पोरीला उद्या सकाळी परत आण," त्या म्हणाल्या. "मी असेन."

त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्याचं पुढं कानावर आलं आणि त्या दुसऱ्या दिवसानंतर आमची भेट झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला घेऊन गेले तेव्हा तिचा ताप उतरला होता. तिला आणायची तशी काही गरज नव्हती. पण सिस्टर म्हणाल्या होत्या म्हणून मी गेले, आणि त्या होत्या.