माझ्या नावाने आंघोळ

आमच्याकडे कुणी गेल्याचं कळलं की आधी डोक्यावरून पाणी घ्यायचं, मग दुसरं काम. माझ्या मायनं सीमाभागातल्या संतपूरच्या घरात एकदा माझ्यासाठीही असं पाणी घेतलंय. मी तेव्हा मुंबईत चहा पीत होते.

झालं असं, की एका मालिकेत मी नायकाच्या आईचं काम करत होते. ते मिळालं हेच नवल. घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी उर्दू, असं वाढल्यामुळे मला वाटायचं, आपल्याला तीन-तीन घरं आहेत. पण आधी बेंगळुरूच्या सिनेमावाल्यांनी माझं कन्नड ऐकलं आणि माझ्या तोंडी दुसऱ्याच बाईचा आवाज घातला. पडद्यावर ओठ माझे हलत होते, बोलत होती कुणी परकीच. आपण पाण्याखाली आहोत आणि वर कुणाचं तरी बोलणं चाललंय, असं वाटत राहिलं. मग मुंबईत या मालिकेवाल्यांना माझी मराठी पटेना. संवाद कमी कमी होत गेले आणि एक दिवस लेखकानं मला मारूनच टाकलं. दिवाणखान्यात माझा हार घातलेला फोटो लागला. फोटोला उच्चार नसतात, त्यामुळे माझं सगळ्यात जास्त चाललेलं काम तेच! नायक रोज माझ्यासमोर रडायचा आणि मी बसच्या खिडकीशी पेंगत असायचे. त्या दिवसांत मी जरा विरळ झाल्यासारखीच वावरत होते. कुणी हाक मारली तरी ती आपल्यालाच आहे हे उशिरा कळायचं.

फोटो पहिल्यांदा दिसला त्या संध्याकाळी सवयीनं मायला फोन लावला. उचलला शेजारच्या अक्कानं.

"तुझी माय न्हाणीत हाय. डोक्यावरून पाणी घ्यायलीय."

"अगं बाई, कोण गेलं?"

अक्का हळूच म्हणाली, "तूच की गं."

मला हसू फुटलं. ते माय फोनवर येईपर्यंतच टिकलं.

"हार बघितला आन् उठूनच गेले बघ," ती म्हणाली. "तांब्या ओतल्यावर ध्यानात आलं, पोरगी तर जित्ती हाय. जित्त्या लेकराच्या नावानं आंघोळ केली मी." मग रडायलाच लागली. घरात अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हार घातलेला फोटो आहे, त्याच्याच खाली टीव्ही. "वर एक, खाली एक. मी कुठं बघू?"

तिनं टीव्हीवर चादर टाकली. सिनेमा असो की मालिका, माझं काम म्हणून काही बघायचं नाही, हे तिनं ठरवून टाकलं. माय एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही. बाजारात लोक ओळखायचे, जवळ येऊन बोलायचे, पण मला त्याचं काही वाटेनासं झालं. मायनं माझ्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं.

मग कलबुर्गीच्या एका नाटक मंडळीनं बोलावलं. नाटक आमच्याच बोलीतलं, व्हय-न्हाईसकट. तालमीत पहिलं वाक्य बोलले आणि माझाच आवाज माझ्या कानावर आला. मी पुढचं वाक्यच विसरले. पण मेलं नशीब! त्या नाटकातही बाई शेवटी मरते.

हुमनाबादला दुपारचा प्रयोग ठरला तेव्हा मी घरी गेले. माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"शेवटाला काय होतंय त्या बाईचं?"

खोटं सांगावंसं वाटलं, पण जीभ वळेना. "मरती."

"मग मी न्हाई येत."

प्रयोगाच्या दिवशी पडद्याच्या फटीतून बघितलं, तर पहिल्या रांगेत अक्का आणि तिच्या शेजारी माझी माय! पदर तोंडाशी गच्च धरलेला. मला आनंद झाला आणि भीतीही तेवढीच वाटली.

शेवटचा प्रवेश आला. मी मेले. डोळे मिटून पडले. बाहेर हायवेवरून जाणाऱ्या लॉऱ्यांची घरघर स्टेजच्या फळ्यांतून पाठीत उतरत होती. लहानपणी कडब्याच्या गाडीवर उताणी पडून घरी यायचे, तसं अंग हलकं झालं होतं. स्टेजवर मेलेल्या माणसानं श्वास पोटात घ्यायचा, छाती हलू द्यायची नाही, हे आम्हाला घोटून शिकवलेलं असतं. मी तसाच घेत होते. तेवढ्यात पहिल्या रांगेतून दबलेला हुंदका आला. तो हुंदका मी हजारांत ओळखला असता.

मग मला राहवलं नाही. मी सरळ छातीत श्वास भरून घेतला, तिला दिसेल एवढा. सोडला. पुन्हा घेतला.

मागच्या रांगेत कुणीतरी खिदळलं. "अबे, मुर्दा साँस लेरा!" सगळं थिएटर हसायला लागलं.

खुर्ची करकरली. पापण्यांच्या फटीतून बघितलं, तर माय उठून उभी राहिली होती.

"हसायलाव कामून?" तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "घेऊ द्या की तिला श्वास!"

हसणं थांबलं. मेलेल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. पडदा पडेपर्यंत मी सगळ्यांसमोर छाती भरभरून श्वास घेत राहिले.