निम्म्या वाटेवरचा फाटा

एसटीत अर्ध्या तिकिटाची सवलत होती तोवर दर गुरुवारी त्या माझ्या शेजारी बसून रत्नागिरीला यायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. सगळ्यांसारखं मीही 'मावशी' म्हणायचे. खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक आंब्याच्या कलमाच्या मोहोराला त्या नावं ठेवायच्या.

शहरात त्यांची मैत्रीण होती. दोघी एकाच वाडीत वाढलेल्या, पण लग्नानंतर भेट कार्यापुरतीच उरली होती. सवलत आली तेव्हा कुठे दोघी स्टँडच्या बाकावर बसून बोलू लागल्या.

"एवढं काय बोलता?" मी एकदा विचारलं.

"ती तिच्या सासूचं सांगते, मी माझ्या. दोघी कधीच्या मेल्या गो, पण आमचं संपत नाय!" आणि त्या पोट धरून हसल्या.

सवलत बंद झाल्यावरच्या गुरुवारी त्यांनी निम्म्या वाटेवरच्या फाट्याचं तिकीट मागितलं.

"फाट्यावर कोण आहे, मावशी?" कंडक्टरने विचारलं.

"ती पण तिकडनं निम्मीच येतेय. फोन केलाय तिला."

फाट्यावर ना बाक, ना छप्पर. उन्हात डोक्यावर पदर घेऊन एक म्हातारी उभी होती. मावशी उतरल्या, तिचा हात धरून तिला वडाच्या सावलीत घेऊन गेल्या, आणि बसायच्या आधीच दोघींचं बोलणं सुरू झालं. कंडक्टरने घंटी मारायला जरा वेळच लावला.

अजूनही गुरुवारी फाटा मागे पडला की पुढची वाट मला फार लांब वाटते.