शेठच्या गाडीतला पिवळा दिवा

गॅरेजमध्ये दोन गोष्टी न मागता साचतात, जळकं ऑइल आणि किस्से. ऑइल न्यायला कोणीतरी येतं, किस्से मात्र आपल्यालाच सांभाळावे लागतात. सुरतेत पर्वत पाटियाच्या आमच्या गॅरेजचे किस्से मी डिंडोलीत चहाच्या टपरीवर सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. मला स्वतःला सांगताना अजून भीती वाटते, कारण त्यातले निम्मे एकाच गाडीचे आहेत.

ती गाडी शेठची. शेठ गुजराती, कापडाचे व्यापारी, आणि आमच्या गॅरेजची जागाही त्यांचीच. त्यांच्या लूमवर सगळे आपले खान्देशी कामगार, त्यामुळे शेठ मराठी बोलत. कसं बोलत ते विचारू नका!

आमचे उस्ताद अमळनेरकडचे. हात सोन्याचा, पण काळीज सशाचं. नवीन गाडी आली की आधी दोन पावलं मागे सरकायचे. मी त्यांच्याकडे वायरिंगचं काम बघायचो. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं, आणि आमची सगळी विद्या अॅम्बेसिडर-फियाटवरची होती.

•

शेठच्या मेहुण्यांनी परदेशातून येताना एक जपानी गाडी आणली. आधीच दहा-अकरा वर्षं वापरलेली, पण सुरतेत आली म्हणून नवी! दिवाळीला ती स्पीकर बसवायला आली होती, तेव्हा बॉनेट उघडलं नव्हतं. आता ड्रायव्हर रमणभाई ती परत आमच्याकडे घेऊन आले. तक्रार एकच, पेट्रोल फार पिते.

डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा जळत होता, त्यात इंजिनाचं चित्र.

मी विचारलं, "रमणभाई, हा कधीपासून?"

"तीन महिनेसे. इंजिन चालू है, ये बताता है."

"आणि इंजिन बंद केलं की?"

"तो बुझ जाता है. देखो, कितनी हुशार गाडी!"

तीन महिने गाडी ओरडून सांगत होती, आणि हा माणूस तिचं कौतुक करत होता.

•

उस्तादांनी बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटर शोधायला लागले. दुपारपर्यंत शोधत होते. डबा सोडला, जेवले, परत शोधायला लागले. शेवटी घाम पुसत माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "भो, येमा कार्बोरेटरच नही शे!"

"मग?"

"मंग चालस कसी? माले भेव लागस."

त्यांनी बॉनेट असं अलगद खाली टेकवलं, जणू आत कोणी झोपलंय.

•

पण उस्तादांची एक परीक्षा कधी चुकायची नाही. सुरतेत कापडाच्या चिंध्यांना तोटा नाही. त्यातली कोरी पांढरी चिंधी घ्यायची, सायलेन्सरच्या तोंडाशी धरायची आणि शंभर आकडे मोजायचे. चिंधी पिवळट झाली तर गाडी ठीक. काळी झाली तर पेट्रोल जास्त जातंय.

या गाडीची चिंधी वीस आकड्यांत काळी ठिक्कर पडली! उस्तादांनी ती टाकून दिली आणि हात दोनदा साबणाने धुतले.

•

मग मी जोशींना बोलावलं. ते हजिऱ्याच्या एका प्लांटमध्ये मीटर-गेज दुरुस्त करायचे, त्यांची स्कूटर आमच्याकडे यायची. जोशींनी गाडीखाली वाकून सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला बोटाएवढा तुकडा दाखवला.

"हा ऑक्सिजन सेन्सर. हे गाडीचं नाक. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हुंगतं, आणि त्यावरून गाडी पेट्रोल कमी-जास्त करते."

मी आमचा बल्बवाला टेस्ट-लॅम्प पुढे केला. जोशी ओरडले, "तो लावू नकोस, मरेल सेन्सर!" त्यांनी स्वतःचा डिजिटल मीटर काढला. सेन्सर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून इंजिन वीस मिनिटं चालू ठेवायचं होतं.

आता आमचा शहाणपणा ऐका. आपली इंपोर्टेड गाडी उघडी पडलेली बाजाराने बघू नये, अशी शेठची ताकीद होती. त्यामुळे ती गाडी आली की आम्ही शटर पाडूनच काम करायचो. त्या दिवशीही पाडलं. जोशींचं डोकं मीटरमध्ये, त्यांच्याही लक्षात आलं नाही.

मीटरवर आकडा एक दशांश व्होल्टवर बसला होता. रेस दिली की तो नऊ दशांशापर्यंत जाऊन नाचायला हवा. तो हलेचना. जोशी म्हणाले, "शिसं मिसळलेल्या पेट्रोलने नाक बंद झालंय. त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून गाडी आणखी ओततेय."

बिनशिशाचं पेट्रोल तेव्हा सुरतेत मिळायचं कुठे?

तेवढ्यात उस्ताद हसायला लागले. उगाच. मग टायरवर बसले, मग कलंडले. जोशींनी मीटर फेकला आणि शटर वर ढकललं. उस्तादांना ओढून फुटपाथवर आणलं, तोंडावर पाणी मारलं.

डोळे उघडून उस्ताद म्हणाले, "पन वास तर काईच येत नव्हता!"

जोशी पांढरेफटक पडले होते. म्हणाले, "जो वायू मारतो, त्याला वासच नसतो."

•

दुसऱ्या दिवशी शटर उघडं ठेवून गाडी जॅकवर घेतली. मागच्या सीटच्या खाली पाइप गंजून फुटला होता. आणि बरोबर त्याच्या वर, गाडीच्या तळाला, अंगठ्याएवढं भोक.

ते भोक मी पाडलं होतं. दिवाळीला मागे स्पीकर बसवताना शेठ म्हणाले होते, गालिचा उचकटायचा नाही. म्हणून अॅम्बेसिडरला नेतो तशी वायर खालून नेली, आणि भोकाला रबर लावायचं राहिलं.

रमणभाई मावा चोळत उभे होते. मी विचारलं, "तुम्हाला चक्कर वगैरे येते का?"

"ना रे. मैं तो थूकने के लिए काच खुली रखता हूं. फॅमिली हो तो सब बंद, एसी चालू."

"मग मागे बसणाऱ्यांना?"

"बच्चे लोग तो बैठते ही सो जाते हैं. गाडी मक्खन है ना!"

म्हणजे फुटक्या पाइपातला तो वायू भोकातून मागच्या सीटवर शिरत होता. शेठना दोन नातू होते. मोठा सात वर्षांचा, धाकटा चारचा.

•

शनिवारी शेठ स्वतः गाडी न्यायला आले. रविवारी सगळं कुटुंब सापुताऱ्याला जाणार होतं. सेन्सर मुंबईहून यायचा होता, पाइप अजून फुटकाच होता, भोकही उघडंच. मी सगळं सांगितलं. भोक कोणी पाडलं ते सोडून. तेवढी हिंमत झाली नाही.

शेठ हसले. "वास येते नाय, धूर दिसते नाय, कसला गॅस? एसीमधी झोप येणारच ना! चावी दे."

उस्तादांनी चावी खिशात घातली. ज्या माणसाने शेठपुढे कधी मान वर केली नव्हती, त्या माणसाने!

"चावी दे, उस्ताद. नाय तर जागा खाली करायला लावते."

उस्ताद कसेबसे म्हणाले, "शेठ, तुमी मांगे बठा. काच बंद, एसी चालू. मी बी बठस तुमना संगे."

शेठ चिडून बसले. उस्ताद शेजारी बसले. मी इंजिन चालू करून बाहेर आलो, आणि एक हात दाराच्या मुठीवर ठेवून घड्याळ बघत उभा राहिलो.

पाच मिनिटं शेठ मला काचेतून बोट दाखवून काहीतरी सुनावत होते. मग बोट खाली आलं. दहाव्या मिनिटाला त्यांनी जांभई दिली. उस्तादांची मान पुढे गेली. मी दार खेचून उघडलं.

दोघांना बाहेर ओढून पंख्याखाली बसवलं. शेठनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरलं.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेल्या रविवारी गाडीत आमच्या नानक्याला, धाकट्याला, उठवायला लई वेळ लागला. गाल थोपटले, पाणी शिंपडलं, तो उठेच ना."

उस्तादांनी मान वर केली.

"आमाला वाटलं, नाटक करते," शेठ म्हणाले. "आमी सगळे हसत होतो."