आप्पांचा कॉम्प्युटर बंद पडतो तेव्हा

त्या सोमवारी ऑफिसची मीटिंग चालू होती आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातले आप्पा एकदम नाहीसे झाले... पुन्हा! महिनाभर हेच चाललं होतं, पण घाबरायची सवय काही होत नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. शाळेत पीटीचे सर होते, कर्जतची निम्मी पोरं त्यांच्या शिट्टीवर धावलेली. आई गेल्यापासून तिथल्याच भिसेगावच्या घरात एकटेच असतात. मी तीन स्टेशनं अलीकडे शेलूला राहते, घरूनच काम करते.

म्हणून त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला कॅमेरा बसवून दिला आणि दिवसभर व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा असं ठरवलं. ठरवलं म्हणजे मीच ठरवलं. ते पेपर वाचतात, मी काम करते, मधूनमधून नजर टाकते... बोलणं फारसं नसतंच.

तर हा कॉम्प्युटर दिवसातून दोन-तीनदा अचानक बंद पडायला लागला. फोन करावा तर नुसती रिंग वाजत राहायची. न्हाणीघराची ती गुळगुळीत फरशी डोळ्यांसमोर यायची आणि पुढे मनात काय काय यायचं ते लिहवत नाही. बऱ्याच वेळाने फोन उचलून, धापा टाकत म्हणायचे, "अगं, लाइट गेली."

आता आमच्याकडे लाइट गेली म्हटल्यावर कोण शंका घेणार? मी नवा यूपीएस आणून दिला. तरी तेच. मग म्हणायला लागले, "मशीनच म्हातारं झालंय गं."

दहिवलीचा रिपेअरवाला आला. त्याने फॅनमधली धूळ काढली, प्रोसेसरला नवी पेस्ट लावली, रॅम खोडरबराने पुसून बसवली, पॉवर सप्लायसुद्धा बदलला. दुसऱ्याच दिवशी दुपारी आप्पा पुन्हा गायब.

एकदा तर मी काम अर्धवट टाकून स्कूटर काढली. नेरळ कधी मागे पडलं कळलंही नाही. दार ढकललं तर आप्पा खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होते, आणि वर माझ्यावरच चिडले की एवढ्याशासाठी कशाला आलीस! रडावं की भांडावं तेच कळेना.

शेवटी रिपेअरवाला मशीन दुकानात घेऊन गेला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, दोन दिवस चालूच ठेवलाय, एकदाबी बंद नाय पडला. मशीनमधी काय दोष नाय. तुमच्या घरातच काय तरी हाय."

तो बिचारा वायरिंगबद्दल बोलत होता. माझ्या डोक्यात मात्र भलतंच आलं. घरात कोणी येतं का? एकटा म्हातारा माणूस बघून कोणी धमकावतंय का, आणि आप्पा मला सांगत नाहीयेत?

शनिवारी मशीनबरोबर मीही भिसेगावात जाऊन बसले. जेवणं झाली. कॉम्प्युटर तपासायचाय म्हणून माझ्या फोनवर कॉल लावून ठेवला आणि जरा आडवी होते म्हणून आतल्या खोलीत गेले. डोळे मिटले नव्हते, फोनमधल्या आप्पांकडे बघत पडले होते.

थोड्या वेळाने आप्पांनी पेपरची घडी घातली. आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं... खुर्चीत जरासे खाली सरकले... आणि फोन काळा झाला.

मी दाराचा पडदा किंचित बाजूला केला. आप्पांच्या पायाचा अंगठा टेबलाखालच्या यूपीएसच्या बटणावर होता.

मग त्यांनी टेबल घट्ट धरलं आणि हळूहळू खाली फरशीवर बसले. तळवे टेकून, बसल्या बसल्या, स्वतःला ढकलत न्हाणीघराकडे निघाले. उंबऱ्यापाशी थांबून भिंतीला डोकं टेकलं, दम घेतला.

हेच आप्पा पोरांना घेऊन राजमाचीच्या गडावर जायचे... धावत जाऊन उचलावंसं वाटलं. पण मी बघितलंय हे त्यांना कळलं तर? मी पडद्याआडच थांबले. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

चहाच्या वेळी न राहवून बटणाचं विचारलं. आप्पांनी कप खाली ठेवला.

"उभा राहिलो की गरगरतं गं. दोनदा पडलोय. तू बघितलं असतंस तर त्याच दिवशी मला शेलूला उचलून नेलं असतंस."

"मग काय झालं असतं आप्पा? माझंच घर आहे ना?"

"तुझंच आहे. इथं मला डोळे मिटूनही भिंत सापडते. तिथं चौथ्या मजल्यावर मी काय करू?" आणि मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "मलाही भीती वाटते. पण पडायची कमी आणि इथून जायची जास्त."

इतके दिवस मी अशी वागत होते, की भीतीवर जणू माझा एकटीचाच हक्क होता!

डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या बदलल्या, गरगरणं कमी झालंय, गेलेलं नाही. खुर्चीपासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला धरायला स्टीलचा दांडा बसवलाय आणि आप्पा भिसेगावातच आहेत. यूपीएसला पाय लावायचा नाही असं ठरलंय. उठायचं असलं की ते कॅमेरा बोटाने भिंतीकडे वळवतात आणि सांगतात, "उठतोय गं." मला नुसतं कॅलेंडर दिसतं आणि त्यांची पावलं ऐकू येतात. परत आले की म्हणतात, "बसलो."

कॉम्प्युटर त्यानंतर एकदाही बंद पडलेला नाही. माझी भीती मात्र त्या दोन शब्दांच्या मधे रोज असते.

काल "उठतोय गं" म्हणाले आणि खूप वेळ झाला... पावलंही ऐकू येईनात. मी कॅलेंडरकडे बघत राहिले. मग खुर्ची करकरली, कॅमेरा वळला आणि आप्पा त्यांच्या स्क्रीनवर मला बघून हसले.

"बसलो गं. आता तूही बस की."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी उभी होते.