वालाची दोन दळं

टोकरखाड्याच्या घरात आज मोड आलेले वाल सोलायला बसले आणि त्या उग्र वासासरशी एक जुनी संध्याकाळ समोर आली. तेव्हा आई, बाबा आणि मी असेच वाल सोलत होतो. दुसऱ्या दिवशी माझा शब्दार्थांचा पेपर होता.

"आई, बीजपत्र म्हणजे काय गं?"

आईने दाणा उघडून दोन दळं दाखवली. "अंकुराला पानं फुटेपर्यंत ही त्याला पोसतात. मग सुकून गळतात."

"आणि बाबा, शून्यता म्हणजे?"

मसाटच्या कारखान्यातून येताना बाबांनी आईचे रिपोर्ट आणले होते. ते सोललेले वाल सालांत टाकत राहिले. मी खदखदून हसले. आई मात्र सालांतले दाणे वेचत होती.

पुढच्या दिवाळीला ती नव्हती.

आज माझेही दाणे सालांत पडतायत. वेचायला कोणी नाही.